फ्री डिशची छत्री घरी बसवताना: उंची नको, आग्नेय मोकळी हवी

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं आणि टीव्ही म्हणजे उंची हे गणित आपल्या डोक्यात पक्कं बसलं. ते तेव्हा बरोबरही होतं. मनोरा जमिनीवर, त्याच्या लहरी क्षितिजालगत आडव्या येणार, मधे डोंगर नाहीतर इमारत आली की पडद्यावर मुंग्या. म्हणून पाण्याच्या टाकीवर पाइप, पाइपवर अजून एक पाइप आणि त्यावर ॲल्युमिनियमचा सांगाडा. दूरदर्शनचे ते जुने ॲनालॉग मनोरे २०२२पर्यंत बहुतेक सगळे बंद झाले, पण सवय मागे राहिली. आजही डिश आणली की माणूस आधी टाकीवर चढतो.

डिशला उंचीची गरज नाही. ज्या उपग्रहावरून डीडी फ्री डिश ही दूरदर्शनची मोफत सेवा येते तो जीसॅट-१५ विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर आहे. पुण्यातून बघितलं तर तो क्षितिजापासून ५९ अंश वर दिसतो, म्हणजे डोक्यावरच्या आकाशाच्या बराच जवळ. तुम्ही पंधरा फूट अजून वर चढलात म्हणून त्या अंतरात काहीच फरक पडत नाही. डिश अंगणात, पहिल्या मजल्याच्या गॅलरीत, खिडकीशेजारच्या भिंतीवर, कुठेही चालते. अट एकच: त्या जागेवरून आग्नेयेचं आकाश उघडं दिसलं पाहिजे. घरच्या घरी डिश बसवताना जे अपघात होतात ते पडण्याचे आणि तारेला लागण्याचे. जागा खाली निवडली की दोन्ही धोके बरेच कमी होतात. म्हणून या लेखात जागा निवडण्यावर सगळ्यात जास्त वेळ घालवणार आहे. सिग्नल शोधणं त्या मानाने सोपं.

जागा

दिशा उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे मोजायची. पूर्व ९०, दक्षिण १८०, बरोबर आग्नेय १३५. आपल्याकडचे आकडे असे:

मुंबई: दिशा १३१, क्षितिजापासून उंची ५७.५ अंश
पुणे: दिशा १३२, उंची ५९
छत्रपती संभाजीनगर: दिशा १३६, उंची ५९
कोल्हापूर: दिशा १२९, उंची ६०.५
पणजी: दिशा १२७, उंची ६१
नागपूर: दिशा १४४.५, उंची ६०

तुमचं गाव यांच्या अधेमधे असेल तर आकडाही अधलामधला धरा. मोबाइलमधलं होकायंत्र पुरतं. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत जेमतेम अंशभराचा फरक आहे. फक्त मोबाइल लोखंडी पाइपजवळ किंवा स्लॅबवर टेकवून बघू नका, आतल्या सळया काटा फिरवतात. वास्तूवाले आग्नेयेला स्वयंपाकघर सांगतात. त्यांचं ऐकून घर बांधलं असेल तर स्वयंपाकघराच्या बाहेरची भिंत बघा, बऱ्याचदा तीच जागा सोयीची निघते.

आता समोरची अडचण. ५९ अंशांचा एक फायदा असा की दहा फुटांवर भिंत असेल आणि ती डिशपेक्षा पंधरा फूट उंच असेल तरी चालतं. हिशोब सोपा ठेवायचा तर अडथळा डिशपेक्षा जितका उंच, त्याच्या दोन तृतीयांश तरी अंतर मधे हवं. शेजारची तीन मजली इमारत पाहून लोक घाबरतात आणि गच्चीवर धावतात. आधी अंतर मोजा. झाडाचा हिशोब मात्र आजच्या उंचीवर करू नका. नारळ, आंबा, शेवगा हे वाढतात, आणि ओली पानं सिग्नल चांगलाच खातात. उन्हाळ्यात निष्पर्ण झाडातून दिसणारं चित्र जुलैत जातं ते यामुळेच.

खात्री करण्याची सगळ्यात चांगली युक्ती सूर्याची आहे. वर्षातून दोनदा, १२ मार्चच्या आणि १ ऑक्टोबरच्या आसपास, सूर्य आकाशात बरोबर या उपग्रहाच्या जागी येतो. महाराष्ट्रात मार्चमध्ये ती वेळ साधारण सकाळी सव्वाअकराची, ऑक्टोबरमध्ये अकराच्या थोडी अलीकडची. त्या वेळी भिंतीच्या ज्या भागावर स्वच्छ ऊन पडलेलं असेल तिथे डिश चालणार. सावली असेल तर नाही. सूर्याकडे बघायचंच नाही, भिंतीकडे बघायचं. त्याच दिवसांत त्याच सुमारास चालू डिशचं चित्र काही मिनिटं फुटतं, कारण सूर्याच्या स्वतःच्या लहरी उपग्रहाचा आवाज झाकून टाकतात. तेव्हा डिश हलवत बसू नका, ते आपोआप सुरळीत होतं.

जागा चांगली दिसली तरी पुढच्या गोष्टी आढळल्या तर ती सोडून द्या.

पहिली, विजेची तार. इमारतीपासून ११ केव्ही (११,००० व्होल्ट) तारेचं आडवं अंतर नियमाप्रमाणे किमान १.२ मीटर असावं लागतं. म्हणजे चार फूट. तुमच्या हातात सहा फुटी पाइप आणि त्याच्या टोकाला डिश असेल तर नियम पाळलेली तारसुद्धा तुमच्या टप्प्यात आहे. म्हणून माझा नियम वेगळा आहे: शिडी, पाइप आणि माणूस मिळून जितकी लांबी होते, त्याच्या दीडपट अंतरात कुठलीही उघडी तार नको, कुठल्याही बाजूला. पाइप निसटून कुठे पडेल हे आपण ठरवत नाही. घरात येणारी सर्व्हिस वायर काळ्या आवरणाची असली तरी तिच्यावर विश्वास ठेवू नका, उन्हापावसाने ते आवरण तडकलेलं असतं. तारेजवळच काम करणं भाग असेल तर महावितरणला १९१२वर फोन करून पुरवठा बंद करून घ्या. तेवढी वाट बघता येत नसेल तर जागा बदला.

दुसरी, छप्पर. सिमेंटच्या पत्र्यावर पाय ठेवायचा नाही. वरून तो स्लॅबसारखा भक्कम दिसतो, पण जुना पत्रा माणसाच्या वजनाने आवाजही न करता फुटतो आणि माणूस थेट खालच्या खोलीत जातो. कौलांचंही तसंच, पावसाळ्यात शेवाळाने ती साबणासारखी होतात. पत्र्याच्या किंवा कौलारू घराला डिश भिंतीवरच लावायची, नाहीतर अंगणात खांब गाडून त्यावर.

तिसरी, भिंतीचा जीव. गच्चीचा कठडा बऱ्याच घरांत साडेचार इंची विटेचा असतो, वर नुसता गिलावा. त्याच्या माथ्यात बोल्ट मारला की वीटच हलते. पाण्याच्या टाकीच्या भिंतीत छिद्र पाडणं तर अजिबात नाही. सोलर पॅनेलच्या सांगाड्यालाही डिश बांधू नका, तो वाऱ्याचा भार धरून बनवलेला असतो, तुमच्या डिशचा धरून नव्हे. कोकणातल्या जांभ्यात फुगणारा फास्टनर (छिद्रात फुगून घट्ट बसणारा बोल्ट) धरत नाही, दगड भुसभुशीत होऊन छिद्र मोठं होतं. तिथे भिंतीच्या आरपार बोल्ट घालून आतल्या बाजूने लोखंडी पट्टी लावावी, किंवा खाली काँक्रीटचा ठोकळा ओतून त्यात पाइप रोवावा.

वाऱ्याचा भार लोक हसण्यावारी नेतात म्हणून एक आकडा देतो. भारतीय मानकात पुण्यासाठी ताशी १४० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ३९ मीटर, आणि मुंबई-नागपूरसाठी सेकंदाला ४४ मीटर वारा धरतात. अशा वाऱ्यात ६० सेंटिमीटरच्या डिशवर पस्तीस ते त्रेचाळीस किलोचा जोर येतो. ९० सेंटिमीटरच्या डिशवर त्याच्या सव्वादोनपट. तेवढ्या वजनाचं पोतं त्या बोल्टांना आडवं ओढतंय असं समजून बोल्ट निवडा. मोठी डिश घेतली तर पावसात चित्र कमी फुटतं हे खरं, पण भिंत तेवढी भक्कम नसेल तर ६०चीच बरी.

हाताच्या टप्प्यातली, जमिनीवर उभं राहून पाना लावता येईल अशी जागा मिळाली तर बाकी सगळ्या जागा विसरा. गावात वानरं येत असतील तर मात्र डिश कुंपणाजवळ किंवा फांदीखाली नको. वानर एलएनबीच्या (डिशसमोरची सिग्नल पकडणारी डबी) दांड्याला लटकलं की पुढे महिनाभर घरात भांडणं.

चढण्यापूर्वी

एकट्याने करायचं काम नाही. दुसरा माणूस शिडी धरायला आणि गरज पडली तर धावायला. शिडीचं प्रमाण चारास एक: शिडी भिंतीला जिथे टेकते ती जागा बारा फुटांवर असेल तर पाय भिंतीपासून तीन फूट. गच्चीवर उतरायचं असेल तर शिडी कठड्याच्या वर तीन फूट तरी यायला हवी. ॲल्युमिनियमची शिडी हलकी म्हणून सगळे तीच आणतात, पण तारांच्या जवळपास ती नको, फायबरची किंवा कोरडी लाकडी, बांबूची घ्या. पाइप, डिश हातात घेऊन चढायचं नाही. आधी माणूस वर, मग दोरीने सामान.

ढग दाटलेले असताना, वारा सुटलेला असताना काम नाही. मे-जूनमधले वळवाचे आणि ऑक्टोबरमधले परतीचे पाऊस विजा घेऊन येतात. पुण्याच्या आयआयटीएमने केलेलं 'दामिनी' ॲप जवळपास वीज पडण्याची शक्यता सांगतं, ते मोबाइलवर ठेवा. गडगडाट ऐकू आला की खाली उतरायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वर जायचं नाही. भाड्याचं घर किंवा सोसायटी असेल तर मालकाची, समितीची लेखी परवानगी आधीच घ्या, गच्चीतल्या छिद्रावरून पुढे गळतीची तक्रार तुमच्याच नावावर येते.

खांब आणि बोल्ट

छिद्र पाडण्यापूर्वी भिंतीच्या आतल्या बाजूला बघा. स्विचबोर्ड, दिव्याचा पॉइंट, गिझर यांच्या सरळ रेषेत वर-खाली किंवा आडवी लपलेली वायर असते. त्या रेषा सोडून छिद्र घ्या. ड्रिलची एक्स्टेन्शन तीन पिनची हवी आणि घरात ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज आपोआप तोडणारा स्विच) असेल त्याच सर्किटवरून घ्यावी. ओल्या गच्चीवर ड्रिल चालवू नका. डोळ्यांना चष्मा हवा, कारण वर बघत ड्रिल करताना कचरा थेट डोळ्यांत येतो.

बिट किती नंबरची हे फास्टनरच्या पाकिटावर लिहिलेलं असतं, अंदाजाने एक नंबर मोठी घेतली की बोल्ट फिरत राहतो. छिद्र गिलाव्यात संपता कामा नये, विटेत किंवा काँक्रीटमध्ये खोल जायला हवं, आणि विटेच्या कडेपासून व सांध्यापासून दूर. भुगा फुंकून काढा, मगच फास्टनर ठोका. चारही बोल्ट घाला. पायाच्या पट्टीला चार भोकं दिलेली असतात ती शोभेसाठी नाहीत. किनाऱ्याच्या गावांत साधे बोल्ट दोन पावसाळ्यांत गंजतात, तिथे स्टेनलेस किंवा जस्ताचा जाड मुलामा असलेले घ्या.

आता ओळंबा किंवा पाणसळ. खांब दोन बाजूंनी तपासून बरोबर उभा करा. इथे दहा मिनिटं घालवली तर पुढचा तास वाचतो. खांब तिरका असेल तर डिश डावी-उजवी फिरवताना तिची उंचीही बदलत जाते आणि उपग्रह हाताला लागत नाही.

केबल

आरजी-६ केबल घ्या, ७५ ओहमची. टोक सोलताना आतली तांब्याची तार कनेक्टरच्या तोंडाबाहेर तीन-चार मिलिमीटर राहावी, आणि बाहेरच्या जाळीचा एकही केस तिला चिकटू नये. तसा एक केस राहिला तरी शॉर्ट होतो. सेट टॉप बॉक्स याच केबलमधून एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट पाठवतो. त्या व्होल्टने माणसाला काही होत नाही, पण शॉर्ट झालं तर बॉक्स जाऊ शकतो. म्हणून कनेक्टर लावता-काढताना बॉक्सची पिन बोर्डातून काढलेली असली पाहिजे, नुसता रिमोटने बंद करून नाही.

याच संदर्भातली एक गोष्ट फार कमी लोक सांगतात. दोन पिनचे टीव्ही आणि बॉक्स यांच्या पॉवर सप्लायमधून थोडी गळती केबलच्या जाळीवर आणि तिथून डिशच्या धातूवर येते. अनवाणी माणसाला डिशला हात लावताच झिणझिण्या येतात. झटका मारणारा नसतो, पण शिडीवर उभा माणूस दचकला की तो पडतो. कोरडे बूट, कोरडे हातमोजे घाला, आणि पहिल्यांदा हात लावण्यापूर्वी टेस्टर टेकवून बघा. टेस्टर लख्ख पेटला तर ती नुसती गळती नसून बॉक्समध्येच बिघाड असू शकतो. पिन काढा आणि इलेक्ट्रिशियनला दाखवा.

केबल घरात घेताना भिंतीतलं छिद्र बाहेरच्या बाजूला उतरतं पाडा आणि केबलला बाहेर एक खाली लोंबणारा वळसा द्या, म्हणजे पाणी तिथून ठिबकेल, केबलवरून आत येणार नाही. लाइटच्या वायरसोबत एकाच पट्टीत केबल नेऊ नका, ओलांडायचीच असेल तर काटकोनात. विजेच्या खांबाला केबल बांधणं हा आपल्याकडे सर्रास चालणारा प्रकार, तो करू नका. एलएनबीकडचा कनेक्टर रबरी टोपी आणि टेपने पक्का झाका.

उपग्रह शोधणं

बॉक्सच्या मेनूत उपग्रह जीसॅट-१५, ९३.५ पूर्व निवडा. जुन्या बॉक्समध्ये त्याच जागेला इन्सॅट-४बी हे आधीच्या उपग्रहाचं नाव दिसेल. एलएनबी फ्रिक्वेन्सी ९७५०/१०६००. ट्रान्सपॉन्डर ११०९०, व्हर्टिकल, सिम्बॉल रेट २९५००. पडद्यावर दोन पट्ट्या दिसतील. स्ट्रेंग्थची पट्टी नुसती एलएनबी जोडली तरी वर जाते, तिच्याकडे लक्ष देऊ नका. क्वालिटी बघायची.

डिशच्या मागच्या क्लॅम्पवर अंशांच्या खुणा असतात. तुमच्या गावाचा उंचीचा आकडा तिथे लावा आणि नट अर्धवट आवळा. डिश नजरेला बरीच खाली, जणू समोरच्या गच्चीकडे बघतेय असं वाटेल. वाटू द्या. ही ऑफसेट डिश आहे, तिचा चेहरा पस्तीस अंशांकडे असला तरी ती सिग्नल सुमारे साठ अंशांवरून घेते. 'आकाशाकडे' म्हणून ती अजून वर उचलणं ही सगळ्यात नेहमीची चूक.

मग डिश दक्षिणेकडून पूर्वेकडे हळूहळू फिरवा. एका वेळी बोटभर, आणि प्रत्येक वेळी दोन-तीन सेकंद थांबा, कारण बॉक्सला सिग्नल ओळखायला तेवढा वेळ लागतो. घाईने फिरवली की उपग्रह ओलांडून गेल्याचं कळतही नाही. काही मिळालं नाही तर उंची एक-दोन अंश बदला आणि पुन्हा तोच फेरा. क्वालिटी थोडी हलते पण चॅनेल येत नाहीत, असं झालं तर तुम्ही बहुधा शेजाऱ्याकडे पोचलात: दीड अंशावर, ९५ पूर्वेला, दुसऱ्या डीटीएच सेवेचा उपग्रह आहे. दक्षिणेच्या बाजूला किंचित परत या.

सिग्नल सापडला की बारीक जुळवणी. डावीकडे क्वालिटी पडेपर्यंत न्या, खूण करा. उजवीकडे पडेपर्यंत न्या, खूण करा. बरोबर मधे ठेवा. उंचीचंही तसंच. शेवटी एलएनबी तिच्या पकडीत डावी-उजवी फिरवून क्वालिटी जास्तीत जास्त येईल तिथे अडकवा. ही शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग पहिल्या सरीलाच चित्र जातं. नट आवळताना एक पूर्ण, मग दुसरा असं न करता आळीपाळीने थोडे थोडे आवळा आणि पट्टीवर नजर ठेवा.

हे सगळं करताना वरचा माणूस फोन हातात धरून 'आलं का, आलं का' विचारत शिडीवर उभा असतो. फोन स्पीकरवर लावून वरच्या खिशात ठेवा, हात दोन्ही मोकळे. त्याहून चांगलं म्हणजे बॅटरीवर चालणारा सिग्नल मीटर एखाद्या ओळखीच्या मेकॅनिककडून तासाभरासाठी आणणं. मग घरातल्या बॉक्सची पिन काढून ठेवता येते आणि झिणझिण्यांचा प्रश्नच मिटतो.

वीज

डिश भिंतीवर, छपराच्या कडेपासून दोन मीटर खाली आणि भिंतीपासून दीड मीटरच्या आत असेल तर आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे तिला आकाशातल्या विजेसाठी वेगळं अर्थिंग लागत नाही. खाली जागा निवडा म्हणतो त्याचं हे अजून एक कारण. गच्चीच्या वर डोकावणाऱ्या खांबाला मात्र अर्थिंग हवं: किमान १६ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर, वळणं न घेता सरळ खाली, आणि घराच्या मुख्य अर्थिंगला जोडलेली. डिशसाठी वेगळा खड्डा करून तो घराच्या अर्थिंगपासून तोडून ठेवणं धोक्याचं, कारण वीज पडल्यावर दोन अर्थिंगमधला फरक तुमच्या टीव्हीतून वाट काढतो. पाण्याच्या किंवा गॅसच्या नळाला अर्थिंग जोडू नका. हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनचं.

अर्थिंग घर वाचवतं, टीव्ही वाचवेलच असं नाही. विजा चमकू लागण्याआधी बोर्डातली पिन आणि बॉक्समागची केबल दोन्ही काढून ठेवा. डोक्यावर गडगडाट सुरू झाल्यावर केबलला हात लावायला जाऊ नका.

कुणाला शॉक लागलाच तर त्याला धरून ओढू नका. घरातली वीज असेल तर आधी मेन स्विच बंद. ११ केव्ही तार असेल तर काठीनेही सोडवायचा प्रयत्न नको, लांब राहा, १९१२ आणि १०८ला फोन करा.

नंतर

पाऊस कोसळताना चित्र फुटलं आणि ओसरल्यावर आलं तर ते नेहमीचं आहे, या लहरी पाण्यात विरतात. पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी क्वालिटी कमीच असेल तर कनेक्टरमध्ये पाणी शिरलं आहे: टोक कापून नवा कनेक्टर लावा. दरवर्षी मे महिन्यात बोल्ट, गंज, टेप बघून घ्या. ३ जून २०२०ला 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं तेव्हा रायगड-रत्नागिरीत घरांचे पत्रे उडाले होते. किनाऱ्यावर वादळाचा इशारा आला आणि डिश जमिनीवरून हाताला येत असेल तर आदल्या दिवशी खांबाच्या खुणा करून ती उतरवून घरात ठेवा. चढावं लागत असेल तर आहे तिथे राहू द्या.

गच्चीवर जुना ॲल्युमिनियमचा अँटेना अजून उभा असेल तर तोही काढून टाका, त्याला आधार देणारे गंजलेले ताण कधीतरी तुटणारच. पण तो आधी सोडवून आडवा करायला जाऊ नका. पंधरा-वीस फुटी पाइप हातातून सुटला की तारेवर जातो. वरून सांगाडा, मग एक-एक तुकडा असा उभ्यानेच उतरवा. ते जमण्यासारखं नसेल, किंवा पडला तर तारेपर्यंत पोचेल एवढी त्याची उंची असेल, तर पुरवठा बंद करून घेऊन दोन अनुभवी माणसं लावा.